काळ्या दगडाच्या अलीकडे

रत्नपालच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, आणि त्या दोन वर्षांतले जेमतेम पाच महिने तो घरी होता. आयटीआयचा फिटर, दवनीवाड्यात त्या शिक्षणाला काय काम? एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर तो विजेचे टॉवर उभारायला गेला. आधी छत्तीसगड, मग ओडिशा आणि शेवटी हिमाचल. बायकोला, मोनालीला, तो जास्त माहीत होता तो फोनवरच.

२०११च्या ऑक्टोबरच्या शेवटी हलका धान कापणीला आला होता. रत्नपालचा बाप खुशाल धानाच्या शेतात, बांधीत, विळा घेऊन वाकला होता तेव्हा खिशातला फोन वाजला. पलीकडचा माणूस हिंदीत भराभर बोलला. वेळेआधीच बर्फ पडलं. वरच्या कॅम्पवरून उतरताना रत्नपालची वाट चुकली. पाच दिवसांनी सापडला. खालचा रस्ता दरड कोसळून बंद, म्हणून गावकऱ्यांनी तिथंच अग्नी दिला. खुशाल "हाव जी, हाव जी" एवढंच म्हणत राहिला. फोन बंद झाल्यावर त्याने मुठीत धरलेला धान कापला, खाली नीट ठेवला आणि घराकडे चालू लागला.

डिसेंबरात एक पत्र्याची पेटी आली. दोन पँट, एक स्वेटर, डबा, फोनचा चार्जर. पुण्यानुमोदन झालं, पंचशील म्हटलं, नातेवाईक जेवून गेले. रत्नपालची आई सुमनबाई त्या दिवशी भिंतीला टेकून बसली ती उठलीच नाही. कुणी समजूत घालायला आलं की ती एकच बोलायची, "मले दिसला नाई ना वो. लोकं म्हणतेत गेला. मले कुठं दिसला?"

मोनालीचं दुःख वेगळंच होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या, तीही रडली. पण रडताना तिला सारखं वाटत होतं की आपण दुसऱ्याच कुणाच्या मयताला आलो आहोत. एकटी असली की ती त्याचा आवाज आठवून बघायची. आवाज यायचा नाही. यायची ती फोनमधली बाई, हा नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे असं सांगणारी.

मार्चमध्ये तिच्यासाठी स्थळ आलं. तिरोड्याच्या वीज प्रकल्पातला वेल्डर, विवेक नाव, त्याची पहिली बायको बाळंतपणात गेलेली. खुशाल स्वतः नागऱ्याला मोनालीच्या माहेरी गेला आणि व्याह्याला म्हणाला, "पोरगी पंचवीस वर्षाची आहे. हो म्हणा." जूनमध्ये लग्न ठरलं. सुमनबाईनेही नाही म्हटलं नाही. फक्त एका सकाळी मोनाली अंगण झाडत होती तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"मोनाली, एक डाव माह्यासंगं चाल."

"कुठं, आई?"

"तो गेला तिथं."

खुशाल आतून ऐकत होता. तो बाहेर आला. "कायले जाऊन राहिली तू? काय आहे तिथं आता?"

"मले पाहाचं आहे."

"काय पाहाचं आहे?"

"तेच त मालूम नाई मले," सुमनबाई म्हणाली. "तुमी चाला."

खुशालने मान हलवली. "मी मानून घेतलो. तुमी जा."

मोनालीची आई चिडली. चार दिवसांनी नवं घर मांडायचंय पोरीला, आणि तिला मयताच्या जागी नेता? मोनाली म्हणाली, "मी जाईन." तिथं गेल्यावर तरी आपल्याला नीट रडू येईल, असं तिला वाटलं होतं.

बुद्धपौर्णिमा करून दुसऱ्या दिवशी दोघी छत्तीसगड एक्सप्रेसमध्ये बसल्या. गोंदियाच्या फलाटावर लोखंडी बाकाला हात लावला तर चटका बसत होता. अंबाल्याला उतरून पुढे दोन दिवस बस. दुसऱ्या दिवशी रस्ता एवढा अरुंद झाला की सुमनबाईने खिडकीकडे पाठ केली आणि सुनेचा हात धरून ठेवला.

दोरंग हे वीसेक घरांचं गाव, नदीच्या वर चढावर वसलेलं. जर्दाळूची झाडं फुलली होती. पेटीसोबत आलेल्या चिठ्ठीवर देकी नावाच्या बाईचा पत्ता होता. टोळीची माणसं तिच्याकडून दूध घ्यायची. चाळिशीची, लाल गालांची देकी दोघींना पाहून क्षणभर थांबली, सुमनबाईचा चेहरा तिने नीट निरखला आणि काही न विचारता आत घेतलं. चहात मीठ होतं. सुमनबाईने तो पूर्ण प्यायला.

अग्नी दिला ती जागा नदीकाठी होती. चार काळवंडलेले दगड आणि त्यांच्यामधून आलेलं नवं गवत. राख नदीने केव्हाच नेली होती. सुमनबाईने मेणबत्ती लावली, ती वाऱ्याने विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. मग तिने न विझणारी अगरबत्ती दगडाच्या फटीत खोचली आणि दोघींनी त्रिशरण म्हटलं. देकी मागे उभी राहून हात जोडून तेच शब्द पुटपुटली, थोड्या वेगळ्या चालीत. सुमनबाईने वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुमी बी आपलेच का वो?" तिने विचारलं. देकीला मराठी कळली नाही, पण ती हसली.

मोनालीला तिथंही रडू आलं नाही. गवत फार हिरवं होतं, एवढंच तिच्या मनात आलं.

दुपारी सुखराम आला. डोंगरगडकडचा, रत्नपालच्याच वयाचा. त्या दिवशी रत्नपालबरोबर कॅम्पवरून उतरणारा दुसरा माणूस हाच. आता खालच्या कॅम्पवर स्वयंपाक करत होता. टॉवरवर चढणं त्याला जमणार नव्हतं, डाव्या पायाची तीन बोटं बर्फाने नेली होती. त्याने सुमनबाईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

"उठ गा," सुमनबाई म्हणाली. "मले सांग, कसं झालं?"

त्याने सांगितलं. मोडक्या हिंदीत, मध्येच छत्तीसगडीत. दुपारी बर्फ सुरू झालं. बाकीचे सकाळीच उतरले होते. हे दोघं सामान बांधायला मागे राहिले. वाटेवर पिवळ्या रंगाचे ठिपके होते दगडांवर, तेही लांब लांब. ते बर्फाखाली गेले. एका मोठ्या काळ्या दगडापाशी आल्यावर वाट कुठं ते कळेना. सुखरामचे पाय बधिर झाले होते. रत्नपाल म्हणाला, तू इथं आडोशाला बस, हलू नको, मी वाट बघतो आणि हाक मारतो. तो गेला. चुकून डावीकडच्या नाल्यात उतरला.

"मंग?" सुमनबाईने विचारलं.

"फिर... सुबह गांव वाले मिले, माई." सुखराम जमिनीकडे बघत राहिला. "मैं पत्थर के पास ही बैठा था."

"त्या दगडापरेन्त मले ने," सुमनबाई म्हणाली.

सुखरामने देकीला ते हिंदीत सांगितलं. देकीने हात हलवून नाही नाही केलं. जूनच्या अखेरीस जा, आत्ता बर्फ सडलेलं आहे. वरून टणक दिसतं आणि आतून पाणी वाहतं. सुमनबाईने ऐकून घेतलं. "जूनमंदी हिचं लग्न आहे," ती म्हणाली. "मी पुन्हा काही इकडं येत नाई, बाई. या जन्मात नाई."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं निघाले. सुमनबाईने पंजाबी ड्रेसवरून लुगडं नेसलं होतं, त्यावर पेटीतून आलेला रत्नपालचा स्वेटर. पायात देकीने दिलेले रबरी बूट. मोनालीच्या पायात कॅनव्हासचे. सुखराम हातात लांब काठी घेऊन पुढे, एका पायाला जरा ओढत.

पहिला तास देवदारांतून चढ होता. मग झाडं संपली आणि बर्फ लागलं. दोघींनी बर्फ असं पायाखाली पहिल्यांदाच बघितलं. पांढरं नव्हतंच ते. धुळकट, मळकं, त्यात झाडांच्या काड्या आणि बकऱ्यांच्या लेंड्या रुतलेल्या. सकाळच्या थंडीत ते रवाळ आणि घट्ट होतं, जाड मिठासारखं. सुमनबाईने वाकून मूठभर उचललं, हातात धरलं आणि पाणी होऊन गळेपर्यंत बघत राहिली.

"येच्यात होता का तो पाच दिवस?"

सुखरामने मान डोलावली. तिने ओला हात स्वेटरला पुसला.

वाट म्हणण्यासारखी वाट नव्हती. कुठं तरी एखादा दगड बर्फातून डोकं काढून असायचा आणि त्यावर अर्धा खरवडलेला पिवळा ठिपका. तो सापडला की सुखराम थांबून इकडंतिकडं बघायचा आणि पुढचा कुठं असेल त्याचा अंदाज बांधायचा. दोनदा चुकला. एकदा त्याने ठिपका म्हणून दाखवलं ते पिवळं शेवाळ निघालं. "तब सब सफेद था," तो ओशाळून म्हणाला, "अब पहचान में नहीं आता." मोनालीला भीती वाटायला लागली होती, पण सासू पुढे चालतच होती, म्हणून तीही चालत राहिली.

नऊनंतर ऊन चढलं आणि बर्फ मऊ व्हायला लागलं. पाय घोट्यापर्यंत जाऊ लागले, मग पोटरीपर्यंत. मोनाली पाय ओढून काढायची आणि तोल जाऊन बसायची. सुमनबाई मात्र सरळ चालत होती. चाळीस वर्षं ती धानाच्या लावणीत, रोवण्याच्या चिखलात चालली होती.

"ओढू नोको," तिने मागे वळून सांगितलं. "टाच फिरव आन मंग उचल. बांधीत काढतेस तसा."

मोनालीने तसं केलं. जमलं. तेवढ्या वेळात दोघी जरा हसल्यासुद्धा.

साडेदहाच्या सुमारास ते एका उतरत्या मोकळ्या पट्ट्यापाशी आले. दोन्ही बाजूंना दगड, मध्ये गुळगुळीत बर्फ, पलीकडे चढ. सुखरामने काठी वर केली. "वो देखो माई. वो काला पत्थर."

चढाच्या टोकाला, बर्फातून निम्मा वर आलेला, घराएवढा काळा दगड दिसत होता. वीस मिनिटांची वाट. सुमनबाई थांबली. तिने स्वेटरचं टोक मुठीत धरलं.

सुखराम काठीने टोचत टोचत पट्टा ओलांडून गेला. सुमनबाई त्याच्या पावलांवर पाय ठेवत गेली. मोनाली शेवटी. सासूचं लांब पाऊल तिला पुरेना, म्हणून तिने मध्येच एक पाऊल आपलं स्वतःचं टाकलं.

खालचं बर्फ नुसतं दबलं आणि नाहीसं झालं. ती कमरेपर्यंत आत गेली. पायाखाली काहीच नव्हतं. होतं ते वाहतं पाणी, आणि ते तिला बर्फाच्या खाली ओढत होतं. ओरडायला तिने तोंड उघडलं तर श्वासच येईना. मग आवाज निघाला, "आई!"

सुमनबाई वळली. सुखराम "मत आओ, मत आओ" ओरडत होता, पण तिने ऐकलं नाही. दोन पावलं येऊन ती पोटावर आडवी झाली. झोपल्या झोपल्याच तिने कमरेचं लुगडं सोडलं, त्याचा पिळा केला आणि एक टोक मोनालीकडं फेकलं. "काखेखालून घे! हातानं नोको धरू, हात सुटते! काखेखालून!" सुखरामने काठी भोकावर आडवी टाकली आणि सुमनबाईचे पाय धरून तोही आडवा पडला.

मोनालीच्या बोटांना गाठ मारणं जमेना. तिसऱ्यांदा जमलं. पाणी तिचे पाय सारखे खाली, आत नेत होतं.

"पाय फिरव!" सुमनबाई ओरडली. "फिरव आन उचल! बांधी आहे, काही नाई, बांधी आहे ते!"

किती वेळ गेला ते नंतर तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. मोनाली काठीवर पोट टाकून बाहेर आली, आणि सुमनबाईने तिला लुगड्याने ओढत दगडांपर्यंत नेलं. तिचा एक बूट पाण्याने नेला होता. सुमनबाईने आपले बूट काढले, लोकरीचे मोजे काढून सुनेच्या पायात घातले, वरून बूटही तिलाच चढवले. स्वतःच्या पायांना लुगड्याचे तुकडे फाडून बांधले. मग रत्नपालचा स्वेटर काढून तिच्या मांड्यांभोवती गुंडाळला. हे सगळं करताना ती तोंडाने एकसारखी बोलत होती, "काही नाई, काही नाई वो माय, काही नाई."

आणि मोनालीला रडू आलं. सात महिन्यांत आलं नव्हतं तसं, पोटातून. सासूच्या खांद्यात तोंड घालून ती रडली. रत्नपाल गेला म्हणून, की त्यालाही असंच खाली काही लागलं नसेल म्हणून, की आपण वाचलो म्हणून, तिचं तिला वेगळं करता आलं नाही. "त्याले कोणी लुगडं फेकलं नाई, आई," ती म्हणत राहिली. "कोणीच नोहोतं त्याच्याजवळ."

सुमनबाई तिची पाठ चोळत राहिली.

थोडी ऊब आल्यावर मोनालीने वर पाहिलं. दगड तिथंच होता. "आई, तुमी जाऊन या," ती म्हणाली. "एवढ्या लांब आलो. मी इथं उन्हात बसते. सुखरामभाऊसंगं तुमी जा, पाहून या."

सुमनबाईने दगडाकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मोनालीला वाटलं, जाते आता.

"नाई," ती म्हणाली. "बस इथं, मी येतो, असंच म्हटलं होतं त्यानं. आता कोणाले बसवून ठेवून पुढं जायाचं नाई."

"पण आई..."

"पाय ओले आहेत तुये. उठ."

ती उठून उभी राहिली, दगडाकडे तोंड करून हात जोडले, आणि वळली.

उतरताना त्यांनी त्या पट्ट्याला मोठा वळसा घातला. सुखराम पुढे व्हायच्या ऐवजी मागेच रेंगाळत होता. देवदार दिसायला लागले तेव्हा तो एकदम थांबला आणि बर्फातच बसला.

"माई. एक बात नहीं बताई मैंने."

दोघी थांबल्या.

"उसने आवाज दी थी." तो गुडघ्यांत मान घालून बोलत होता. "उतरने के बाद. एक बार नहीं, तीन-चार बार. सुखराम, सुखराम, करके. मेरे पैर उठते नहीं थे. और डर लगा. मैंने सोचा, उसी ने बोला है हिलना मत. मैं बैठा रहा. फिर आवाज बंद हो गई."

सुमनबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा असा झाला होता की मोनालीने तिचा दंड धरला.

"बोलावत होता?" सुमनबाई म्हणाली. "माहा पोरगा बोलावत होता, आन तू बसून होता?"

"हां, माई."

"तू काहून सांगतलं मले?" तिचा आवाज फाटला. "काहून सांगतलं रे? मी समजत होती झोपीतच गेला."

ती वळली आणि चालू लागली, झपाझपा, चिंध्या बांधलेल्या पायांनी. मोनाली तिच्यामागे. पंधरावीस पावलं, पन्नास पावलं. सुमनबाई मागे बघत नव्हती. झाडांच्या कडेला आल्यावर मोनालीने वळून पाहिलं. सुखराम उठला होता, पण उताराला त्याचा तो पाय सरकत होता. तो पडला, उठला, पुन्हा पडला. काठी मोनाली अडकली त्या भोकावरच राहिली होती. वरून ढग उतरायला लागला होता आणि त्यांच्या पावलांचे ठसे ऊन लागून पसरट, पाणचट झाले होते.

"आई, तो मांगं राहिला."

सुमनबाई थांबली, पण वळली नाही. एका देवदाराला हात लावून ती उभी राहिली. मोनालीला तिच्या पाठीवरून तिचा श्वास दिसत होता. ढग आणखी खाली आला. सुखराम आता पुसटसा दिसत होता, आणि तो चुकीच्या अंगाला, डावीकडे, सरकत होता.

सुमनबाई वळली.

"सुखराम!" तिने हाक मारली. "ए सुखराम! इकडं ये! उजवीकडं! मी उभी आहो इथं!"

तो थांबला. तिने पुन्हा हाक मारली. तो दिसेनासा झाला तरी ती मारत राहिली, दर थोड्या वेळाने, एकाच आवाजात, बांधावरून गड्याला हाक मारावी तशी. शेवटी तो ढगातून बाहेर आला, हातापायांवर रांगत. सुमनबाईने त्याला हात दिला नाही. तो उभा राहीपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आता पुढं चाल. माह्या डोळ्यासमोर."

दोरंगला पोचेपर्यंत तिने त्याला पुढेच ठेवलं. देकीने मोनालीचे पाय कोमट पाण्यात धरले, सुमनबाईच्या तळव्यांच्या चिरांना लोणी लावलं. सुखराम दाराबाहेर बसून राहिला. देकीने चहा ओतला तेव्हा सुमनबाईने एक पेला उचलून बाहेर त्याच्यासमोर नेऊन ठेवला आणि आत आली.

गोंदियाला खुशाल फलाटावर घ्यायला आला होता. पिशव्या उचलत त्याने विचारलं, "दिसली का जागा?"

"दुरून," सुमनबाई म्हणाली. सुखरामने सांगितलेलं तिने नवऱ्याला कधीच सांगितलं नाही. ते ऐकून तो काय करेल हे तिला ठाऊक होतं; काहीच करणार नाही, नुसतं "हाव" म्हणेल आणि ते आयुष्यभर बाळगेल.

मोनालीचं लग्न जूनमध्ये तिरोड्याला झालं. साधं, बुद्धवंदना घेऊन. सुमनबाई वधूच्या बाजूला बसली. विवेक चांगला निघाला. कमी बोलणारा, स्वतःही एकदा पोळलेला माणूस. मोनाली दर दोन महिन्यांनी दवनीवाड्याला यायची, आणि गावात कुणी त्याचं नवल केलं नाही.

त्याच पावसाळ्यात सुखरामचा फोन आला होता. काम सोडून तो घरी परतला होता. भेटायला येऊ का, असं त्याने विचारलं. सुमनबाई फोन कानाला धरून अंगणात आली, मग म्हणाली, "रोवणा होऊ दे. मंग ये." रोवणा झाला. पोळा झाला. तिने दोन रविवार कोंबडी राखून ठेवली होती. तो आला नाही. नंतर तिने खुशालकडून नंबर लावून घेतला. तो बंद होता. डोंगरगडकडं असे सुखराम किती, आणि कोणत्या गावचा ते विचारायचं राहूनच गेलं होतं.

थंडीत मोनाली आली होती, तिसरा महिना चालू असलेली. तिच्या उजव्या पायाची करंगळी त्या दिवसापासून बधिरच होती. सकाळी गार फरशीवर तर पायाला करंगळी आहे हेच कळायचं नाही. अंगणात उन्हात बसून सुमनबाई ती करंगळी मोहाच्या तेलाने चोळत होती.

"आई," मोनालीने विचारलं, "तुमी त्याले हाक मारली, त्या दिवशी. नसती मारली तं?"

सुमनबाई चोळत राहिली.

"मी रोज पाहाते, मोनाली," ती मग म्हणाली. "त्या दगडाजवळ मीच बसली आहो, पाय उठत नाईत, आन तो बोलावून राहिला. मले वाटते मी उठली असती. माय आहो, उठलीच असती." तिने हातावर आणखी थोडं तेल घेतलं. "कवा कवा दिसते, मी उठली नाई."

मोनालीने तिचा तेलकट हात धरला. सुमनबाईने तो सोडवून घेतला, पदराने नाक पुसलं आणि दुसरा पाय पुढे कर म्हणून तिला खूण केली.